बाबांचा बेडूक

"हात ठेवून बघा ना, उडतोय की नाही!" दादा तपासणीच्या टेबलावर पडल्या पडल्या डॉक्टरांना कौतुकानं सांगत होता. "आमच्या बाबांचा बेडूक आहे हा. वारशात एक दुकान मिळालं आणि दुसरा हा."

डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि उचलायला विसरल्यासारखे थांबले. मुतखडा असेल म्हणून आलेल्या दादाची लगेच सोनोग्राफी झाली, मग सीटी स्कॅन. पोटातली मुख्य रक्तवाहिनी एका जागी मोसंबीएवढी फुगली होती. फुटली तर इथवर पोचायलाही सवड मिळणार नाही, डॉक्टर म्हणाले. जांघेतून नळी सरकवून त्या रक्तवाहिनीला आतून अस्तर लावता येईल. पण लगेच.

"जन्मभर लोकांच्या कोटांना अस्तरं लावली, आता मलाच?" घरी येऊन दादा दिवाणावर आडवा झाला. "मला नाही करायचं ऑपरेशन."

धाकटी बहीण चिडली होती, तरी तिला बाबा आठवलेच. सुट्टीच्या दिवशी ते कापड बेतायच्या टेबलावर उताणे पडायचे आणि शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान बेंबीवर ठेवायचे. वाळक्या पोटावर ते टुणटुण उडायचं. "बेडकाला भूक लागली," बाबा म्हणायचे. टेबलाच्या कडेला हनुवट्या टेकून दोघं भावंडं पैज लावायची, कुठल्या बाजूला पडतंय. "पुरे हो, पोरांना उचकी लागेल," आई दारातून हसायची.

"बाबांनी सांभाळलाच ना तो?" दादा म्हणाला. "काय झालं त्यांना? दुपारी झोपले आणि सुखानं गेले. माझंही तसंच होऊ दे."

त्या सुखाच्या मरणाचं कौतुक बहिणीनंही गावभर सांगितलं होतं.

भिंत धरत आई बाहेर आली. तिनं आतून सगळं ऐकलं होतं. दिवाणाच्या कडेवर टेकून तिनं दादाचा सदरा वर केला आणि पोटावर तळवा ठेवला.

"आहे ना अगदी बाबांसारखा?"

"तस्साच आहे." मग ती मुलीकडे वळली. "याची बॅग भर."

"अगं आई, पण बाबा तर झोपेत..." दादा म्हणाला.

"झोपेत नाही रे. ते तुम्हाला मी सांगितलं. पाठीत कळ येऊन तळमळत होते. मी असाच हात ठेवून बसले होते." तिनं तळवा उचलला नाही. "उडायचं थांबलं, तेव्हा मला वाटलं, दुखायचं थांबलं."