नऊ लाल झिंगे

मार्सुदींनी स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं आणि चमचाभर जामू काचेच्या टाकीत सोडला. पिवळी रेघ पाण्यात उतरली, हिरव्या पानांत विरून गेली. पेल्यातला उरलेला जामू त्यांनी मोरीत ओतला.

महिनाभर त्यांच्या पोटात कळा येत होत्या, पायांना मुंग्या येत होत्या. आणि हा हळद-चिंचेचा काढा सून निंग्रुम रोज सकाळी द्यायला लागली, त्यालाही महिनाच झाला होता. मुलगा जहाजावर. शनिवारी घर सुनेच्या नावावर करायचं ठरलं होतं.

कुंपणापलीकडून शेजारच्या बू लास्त्री ओरडल्या, “गुरुजी, प्यायलात का जामू? की तोंड वाकडं केलंत? माझी सून मला साधं गरम पाणी देत नाही हो!”

“प्यायलो, प्यायलो!”

सालातिगा गावच्या शाळेत त्यांनी चाळीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. संशय आला की प्रयोग करायचा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. टाकी सहा वर्षांची होती. तळाला बागेतली माती, वर वाळू, गच्च वनस्पती, खिडकीतलं ऊन. पंप नाही, साफसफाई नाही. पाणी आटलं की पावसाचं घालायचं, बस्स. नऊ लाल झिंगे मात्र त्यांनी गेल्या आठवड्यात मंडईतून मुद्दाम आणले होते. झिंग्यांना विषाचा कणही सोसत नाही. पहिले तीन दिवस त्यांनी स्वतः उकळलेला जामू घातला. नऊच्या नऊ ठणठणीत. आजपासून सुनेचा.

निंग्रुम मंडईतून आली. हातातली काळी पिशवी तिने दाराच्या खिळ्याला अडकवली. आतल्या प्लास्टिकच्या पिशवीची लाल रबर लावलेली गाठ बाहेर डोकावत होती. मंडईत बर्फ घातलेला गार चहा अशाच पिशवीत बांधून मिळायचा.

“गार चहा का गं?”

“हो. पण तुम्हाला नाही मिळायचा, बापाक. साखर किती वाढलीय!” ती हसली. वडिलांना म्हणावं तसं ती सासऱ्यांना ‘बापाक’ म्हणायची. मग टाकीच्या काचेवर तिने बोट फिरवलं. “यात रोज काही घालावं लागत नाही?”

“काही नाही. हात लावला नाही की ती बरी राहते.”

“माझ्यासारखीच.”

दुपारी झोपून उठल्यावर त्यांनी झिंगे मोजले. नऊ. जरा फिकट, जरा बावरलेले, पण जिवंत. टाकीखालची फरशी नुकतीच पुसलेली, ओली होती.

दुसऱ्या दिवशी दोन चमचे. नऊ. तिसऱ्या दिवशी अर्धा पेला. त्या दुपारी त्यांचा डोळा लागला नाही. आत भांड्यांचा, पाण्याचा आवाज येत होता. पोरगी दिवसभर राबते, आणि आपण काय करतोय? उठून त्यांनी तीनदा मोजलं. नऊ.

त्यांना स्वतःची लाज वाटली. कळा म्हातारपणाच्या. मुंग्या साखरेच्या.

शनिवारी सकाळी त्यांनी कागदांवर सह्या केल्या. घरी आल्यावर निंग्रुमने पेला पुढे केला.

“आज माझ्यासमोर प्यायचा हं, बापाक. रोज मोरी पिवळी दिसते, मला काय कळत नाही?”

ते ओशाळले. “चुकलो, पोरी. फार चुकलो तुझ्या बाबतीत.” त्यांनी पेला तोंडाला लावला आणि तळापर्यंत रिकामा केला. चव नेहमीपेक्षा कडू होती. “हळद जास्त झाली वाटतं.”

“असेल.” तिने पेला घेतला आणि लगेच विसळायला नेला.

मार्सुदी टाकीपाशी बसले. पानाआडून एक झिंगा शांतपणे शेवाळ खुडत होता. त्यांना बरं वाटलं. मग घसा जळायला लागला.

“पोरी, घोटभर गार चहा दे गं. आजच्या दिवस.”

आत पाण्याचा आवाज चालूच होता. ते भिंतीला धरत दाराशी गेले. खिळ्याला रोजच्यासारखी काळी पिशवी होती. आतल्या बर्फाने एव्हाना पिशवीला बाहेरून घाम येऊन पाणी ठिबकायला हवं होतं, पण खालची फरशी कोरडी होती. रोजच असायची.

त्यांनी काळी पिशवी खाली ओढली आणि लाल रबराची गाठ धरून आतली पिशवी उजेडात धरली.

स्वच्छ पाण्यात नऊ लाल झिंगे पोहत होते.