शेजारच्या सीटवरचं जॅकेट

माझी बायको गुड्रुन वारली, त्यानंतरची ही पहिलीच सहल. शेजारी कुणी बसू नये म्हणून तिचं निळं जॅकेट बसमधल्या शेजारच्या सीटवर ठेवलं. आमच्याकडे जॅकेट ठेवलं की जागा धरली. कुणी हात लावत नाही. क्वेडलिनबुर्ग गावातलं जुनं चर्च बघून सगळे बसमध्ये परतले, तरी ड्रायव्हर निघेना. "जॅकेट आहे, माणूस नाही. बाई कुठे राहिल्या, आजोबा?" मागून एक म्हातारी करवादली, "दुकानात रमली असेल! हिच्यापायी पुढच्या थांब्यावरची आमची कॉफी बुडणार." हेच मी जन्मभर ऐकलं. प्रत्येक गावात उशीर गुड्रुनला आणि बोलणी मला. आता मेल्यावरही हिने बस अडवली होती. खरं सांगायला तोंड उघडलं, पण 'वारली' हा शब्द फुटेना. शेवटी जॅकेट उचलून मांडीवर घेतलं आणि नेहमीसारखा खेकसलो, "कुठे राहिली होतीस, गुड्रुन?" मग ड्रायव्हरला म्हणालो, "आली. निघा."