लाली कमी करा

कपाशी फवारून आलेला नवरा ओट्यावर टेकला, तसं रंजितानं आजच्या सरावाचा चेहरा म्हणून त्यालाच टॅबवर रंगवायला घेतलं. "माहं थोबाड कायले काढून राह्यली? त्यापेक्षा म्हैस बरी दिसन!" तो हसला. ताप तर नाही ना, म्हणून लेकराचं कपाळ सारखं चाचपणाऱ्या रंजितानं त्याच्या डोळ्यांतली लाली बरोब्बर टिपली. चित्रकलेच्या ग्रुपवर चित्र टाकल्यावर तिथले सर म्हणाले, "हात सुधारलाय, पण डोळे खोटे वाटतात. लाली कमी करा." तिनं डोळ्यांत पांढरा रंग भरला. वाहवा झाली. सकाळी नवरा पुन्हा फवारायला गेला. संध्याकाळी यवतमाळच्या दवाखान्यात त्याच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. "फवारणीचं विष भिनलंय. डोळे कधीपासून लाल होते?" डॉक्टरांनी तिला विचारलं. ती तोंड उघडायच्या आत नवराच म्हणाला, "तिले नोका विचारू, साहेब. तिले दिसलं असतं, तं मले जाऊ देल्लं असतं काय?"