लेकीची वाटी

लेक गेल्यापासून तिला घास गिळवत नव्हता. नवरा मात्र रोज संध्याकाळी लेकीच्याच पोचे पडलेल्या वाटीत बदाम भिजत घालायचा. "उठली की खाईल पोरगी," म्हणायचा. दुःखाने याचं डोकं फिरलंय, तिला वाटायचं. भरली वाटी बघून तो कोसळू नये, म्हणून ती पहाटे सालं काढून रडत रडत सगळे बदाम संपवायची. वाटीत रोज आदल्या दिवसापेक्षा दोन-चार बदाम जास्तच असायचे. "खाल्ले का गं तिने?" तो विचारायचा. "खाल्ले हो," ती तोंड फिरवून सांगायची. आज तापामुळे तिला उठवेना. डोळे उघडले तेव्हा तो उशाशी सोललेले बदाम घेऊन बसला होता. "आ कर." "अहो, लेकीचे आहेत ना ते?" "लेक कुठली आता? कळतं गं मला. पण तू दुसरं काही तोंडातच घालत नव्हतीस." वाटी दिवसेंदिवस जड का होत गेली, ते तिला आत्ता कळलं.