क्षणभर काळी होणारी काच

तांब्याचा पत्रा कापताना लेझरचा किरण उसळून थेट रोहिणी भालेकरच्या डोळ्यांवर आला. पापणी लवायच्या आत तिच्या चष्म्याची पारदर्शक काच काळी झाली आणि किरण जाताच पुन्हा स्वच्छ झाली.

दुसऱ्या दिवशी तिने त्या काचेतलं धातूचं संयुग बनवणाऱ्या डॉ. सुमेधा पांचाळांना गाठलं. “मॅडम, काचेला कळलं कसं?”

“साधा उजेड हे संयुग जाऊ देतं. तो फार तीव्र झाला, की गिळून टाकतं. जमायला नऊ वर्षं लागली.”

“एवढा ध्यास कशापायी?”

“माझ्या बाबांचे डोळे अशाच यंत्रावर गेले.”

रोहिणी त्या बाबांना भेटायला घरी गेली आणि चष्म्याने आपले डोळे कसे वाचवले ते तिने सांगितलं. त्यांनी तिचा चेहरा चाचपला, मिटलेल्या पापण्यांवर हलकेच बोटं ठेवली आणि लेकीला हाक मारली, “सुमे, जमलं गं तुला!”