बदामाची उतारी

"तुम्ही निकाल खिशात घालूनच आला आहात," इमॅन्युएल पंचाच्या तोंडावर म्हणाला. "नवापूरकडचा मास्तर जिंकला म्हणजे काहीतरी काळंबेरं असणारच, असंच ना?"

हॉलमध्ये कुजबुज थांबली. पंच संघटनेने बाहेरून पाठवलेला होता. गळ्यात बिल्ला, काखेत नियमांचं पुस्तक. पुस्तक त्याने अजून उघडलेलंही नव्हतं, पण टेबलाशी येताच 'लबाडी केलीत ना, मास्तर?' असं मोठ्याने विचारलं होतं.

"आवाज खाली, मास्तर."

"मला लबाड म्हणताना तुमचा आवाज खाली होता का?"

शहाद्याला जिल्ह्याच्या ब्रिज स्पर्धेचा शेवटचा सामना होता आणि त्यातला शेवटचा डाव नुकताच संपला होता. इमॅन्युएल आणि त्याचा भिडू उमेदमल शेठ एका डावाने जिंकले होते. हरलेल्या रतिलालने हात वर करून पंचाला बोलावलं होतं. लबाडी सिद्ध झाली तर संघटनेचं पत्र थेट इमॅन्युएलच्या शाळेवर जाणार होतं. सातवीच्या पोरांना 'कॉपी करू नका' म्हणून सांगणाऱ्या मास्तरच्या नावाने.

"काय झालं ते सांगा," पंच रतिलालकडे वळला.

"साहेब, मन्हा भिडू दिग्विजयनी नो-ट्रम्प बोली लावी. मी दोन किलवर म्हणनू. आनि हाऊ शेठ अडकना!"

ते खरं होतं. रतिलालच्या 'दोन किलवर'चा अर्थ हातात किलवर आहे असा नव्हता, तो भिडूला विचारायचा ठरलेला प्रश्न होता. पण अशा वेळी पुढच्याने 'डबल' दिलं, तर त्याच्या भिडूला सरळ निरोप जातो: माझ्याकडे किलवर आहे, किलवर उतर. उमेदमलने डबल दिलं नाही. बोलीची कार्डं ठेवलेल्या पेटीत हात घातला, बाहेर काढला, चष्मा पुसला, पुन्हा हात घातला. गिऱ्हाइकाने भाव विचारायच्या आत कापड फाडून मोकळा होणारा हा माणूस अर्धा मिनिट अडून बसला. मग 'पास'चं कार्ड काढून ठेवलं.

पुढे त्यांच्या बोलीत चौकट आणि इस्पिकही आलं, आणि बोली तीन नो-ट्रम्पवर, म्हणजे बिनहुकमी खेळावर, थांबली. दिग्विजयला नऊ हात करायचे होते. पहिलं पान टाकायची पाळी इमॅन्युएलची होती.

"भिडू बोलीत अडखळला तर त्यावरून तुम्हाला काही उमगलं तरी ते वापरायचं नसतं," पंच म्हणाला. "माहीत आहे ना?"

"तुमच्याआधीपासून माहीत आहे. वसतिगृहातल्या फादरने मला आधी हा नियम शिकवला, पानं मागून दिली." इमॅन्युएलने आपली पानं टेबलावर उलगडली. "हे बघा. चार किलवर, त्यात राजा. चार बदाम, सगळी फुटकळ. शेठ अडखळले नसते तर मी काय उतरलो असतो?"

पंचाने पानांकडे पाहिलं. "किलवर."

"मी काय उतरलो?"

"बदाम."

"का?"

पंच पुन्हा पानांवर वाकला.

"कारण शेठच्या अडखळण्यातून किलवर दिसत होतं. म्हणून मी किलवरला हात लावला नाही. तुमच्या काखेतल्या पुस्तकात हेच लिहिलंय. एकदा उघडा तरी!"

मागे कोणीतरी हसलं. दिग्विजयने मान खाली घातली. गेल्या वर्षी नंदुरबारला काय झालं ते त्याला ठाऊक होतं, जिल्ह्यातल्या सगळ्या खेळाडूंना ठाऊक होतं. तेव्हाही उमेदमल असाच अडखळला होता, इस्पिकवर. इमॅन्युएलने हातातलं इस्पिक सोडून चौकट उतरलं आणि हातचा सामना घालवला. परतताना गाडीत उमेदमल शेठ नवापूरच्या फाट्यापर्यंत एक शब्द बोलला नव्हता.

या खेपेला नशीब फळलं होतं. उमेदमलकडे बदामाचा एक्का, राजा, राणी आणि वर दोन पानं निघाली. पाच हात सरळ घरात आले. दिग्विजयचे झाले आठ. किलवर पडलं असतं तर त्याने नऊ हात आरामात काढले असते.

पंचाने शेवटी पुस्तक उघडलं. बोट फिरवत वाचलं. मग ते मिटून इमॅन्युएलपुढे हात केला.

"माझी चूक झाली, मास्तर. निकाल कायम. असा खेळाडू मी पाहिला नाही. संघटनेला तसं लिहून कळवतो."

रतिलालनेही पाठ थोपटली. "माफ कर, भाऊ. तू सोनं शे."

इमॅन्युएल व्हरांड्यात गेला. बायकोला, प्रिस्किलाला, फोन लावायला त्याने नंबर काढला, तेवढ्यात उमेदमल शेठ चहाचे दोन कप घेऊन आला.

"शेठ, एक विचारू?" कप घेत इमॅन्युएल म्हणाला. "पाच बदाम, वरची तिन्ही पानं. दोन बदाम अशी बोली सरळ लावली असती तर कोणी बोट दाखवलं नसतं."

"लावतू तर त्या सावध व्हतात. नो-ट्रम्पले जातातच नहीं."

"बरोबर. पण मग किलवरवर एवढा वेळ का अडलात? तुमच्याकडे किलवर होतं तरी किती?"

"एक. दुर्री."

इमॅन्युएलचा कप ओठापाशीच थांबला.

उमेदमल शेठने शांतपणे चहाचा घोट घेतला. "गये वरीस इस्पिक पाहिजे व्हतं, म्हणून मी इस्पिकवर अडकनू. तू चौकट उतरना. तव्हढ्यात माले तुन्हा स्वभाव कळी गया, मास्तर. तुले किलवर दखाडं की तू बदामच टाकशी, हाई माले पक्कं ठाऊक व्हतं." त्याने हॉलच्या दाराकडे मान हलवली. "पंच आते तुन्हं नाव लिखी ऱ्हायना. जाय, सांग त्याले. पण पहिले माले सांग, लबाडी मी करी, पण ती खेळनं कोन?"