खंडेनवमीची फटफटी

यंत्राला मुहूर्त नसतो, असं डॉक्टर किणीकर साऱ्या सोलापूरला ठणकावून सांगत. त्यांच्या जुन्या इटालियन फटफटीला मात्र तो लागे. पण धावली की पेठेतली माणसं दुकानं सोडून बाहेर येत, म्हणून सारं माफ. खंडेनवमीला धुळाप्पा धनगर माळावरच्या वस्तीवरून घोडं पळवत आला. “डाक्टर, बायकू अडलीया, लई वंगाळ हाय. चला!” डॉक्टरांनी किक मारली. फटफटी खोकलीसुद्धा नाही. “आत्ताच पुजलीय हो,” पत्नी म्हणाली, “नारळसुद्धा इंजिनावरच वाढवला.” प्लग नारळपाण्यात न्हाला होता. “माज्या घोड्यावर बसा की!” धुळाप्पा कळवळला. “घोडं काय रे हिच्यापुढं! थांब जरा,” म्हणत डॉक्टर प्लग पुसत बसले. अखेर फटफटी गरजली. डॉक्टरांनी विजयी मुद्रेनं मागं पाहिलं. शेजारच्या सुईणीला घोड्यावर घेऊन धुळाप्पा केव्हाच गेला होता. वस्तीची वाट डॉक्टरांना ठाऊक नव्हती.